सौम्य स्ट्रोकनंतर दम कसा कमवायचा: पहिल्या तीन महिन्यांतलं चालणं

दीड वर्षापूर्वी, डिसेंबरातल्या एका सकाळी, ओट्यापाशी उभी असताना माझ्या डाव्या हातातून चहाचं गाळणं सुटलं. उचलायला वाकले तर डावा पाय साथ देईना, आणि ह्यांना हाक मारली ती जीभ जड झाल्यासारखी निघाली. ह्यांनी वेळ घालवला नाही, तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तपुरवठा तुटलेला एक छोटा भाग दिसला. सौम्य स्ट्रोक, असं सांगून चार दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी पानभर होती आणि व्यायामाबद्दल दोनच शब्द होते: ‘हलका व्यायाम’.

हलका म्हणजे किती? आणि कधीपासून? पुण्यात आमच्या डहाणूकर कॉलनीतल्या सोसायटीत ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. एक म्हणे महिनाभर पलंग सोडू नका, दुसरा म्हणे रोज तासभर चाला. मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्हीचा त्रास भोगला. नंतर एका चांगल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हात धरून मार्गाला लावलं. त्यांच्याकडून शिकलेलं आणि स्वतःच्या वहीत उतरलेलं इथे क्रमाने लिहिते आहे.

हा लेख कोणासाठी, ते आधी सांगते. गुठळीमुळे झालेला सौम्य स्ट्रोक, घरी आलेला पेशंट, स्वतःहून किंवा कोणाच्या थोड्या आधाराने चालू शकणारा. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, हृदयाचं दुखणं असेल किंवा मानेच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा सांगितला असेल, तर तुमचं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनीच आखायला हवं.

एरोबिक व्यायाम म्हणजे पायांचे, हातांचे मोठे स्नायू एका लयीत काही मिनिटं सलग चालत राहतील आणि श्वास वाढेल, पण तुटणार नाही असा व्यायाम. बोटांनी मणी उचलणं, चेंडू दाबणं हे वेगळं. तेही करायचंच, पण त्याने दम वाढत नाही. स्ट्रोकनंतर दम बराच खाली येतो. शिवाय एक पाय ओढत चालताना तेवढ्याच अंतराला शरीराची ताकद जास्त खर्च होते. म्हणून आंघोळ करून आलं तरी आडवं व्हावंसं वाटतं. मला आधी वाटायचं हा निव्वळ अशक्तपणा आहे, खाल्ल्याने जाईल. नुसत्या खाण्याने तो गेला नाही.

काय काय जवळ हवं

- डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, ईसीजी, टू-डी एको, आणि झाली असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी. सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये.
- चालू गोळ्यांची यादी, डोससकट. त्यात बीटा ब्लॉकर गटातली (नाडी मंद ठेवणारी) गोळी आहे का, ते डॉक्टरांकडून विचारून त्यापुढे खूण करा. पुढे तिसऱ्या पायरीत ही खूण लागणार आहे.
- दंडावर पट्टा बांधायचं बीपीचं मशीन. मनगटावरचं घेऊ नका.
- मागून बंद असलेले, वेल्क्रोचे बूट.
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ.
- एक दोनशे पानी वही.
- खिशात एक कार्ड: नाव, घरच्यांचा फोन, ‘स्ट्रोकचा पेशंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू’.

बुटांबद्दल जरा सांगते. पहिल्यांदा पार्किंगमध्ये चालले तेव्हा पायात नेहमीची चप्पल होती. दहा-बारा पावलं गेल्यावर लेक म्हणाली, “आई, चप्पल मागे राहिली.” मी वळून पाहिलं तर डावी चप्पल चार पावलं मागे पडलेली, आणि मी फरशीवर अनवाणी चालत होते. पायातून काही निसटलं हे मला कळलंच नव्हतं. तुमचा पाय तुम्हाला दिसायला कितीही ठीक वाटला तरी ही परीक्षा घेऊन बघा: डोळे मिटा आणि घरच्यांना पायाचा अंगठा वर-खाली करायला सांगा. कुठल्या बाजूला हलवला ते ओळखता येत नसेल तर एकटीने चालायला जाऊ नका.

१. आधी परवानगी, आणि नेमके प्रश्न

अतिउत्साह इथे अंगाशी येतो. २०१५ साली ‘अवर्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच देशांतले २१०४ पेशंट त्यात होते. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत उठवून वारंवार आणि जास्त हालचाल करून घेतलेल्या पेशंटांपैकी तीन महिन्यांनी चांगले सावरलेले कमी निघाले. नेहमीच्या पद्धतीने, जरा बेताने उठवलेल्यांचं जास्त बरं झालं. फिजिओ मॅडमनी मला त्याचं कारण समजावलं. निरोगी मेंदू बीपी वर-खाली झालं तरी आपला रक्तपुरवठा सांभाळून घेतो. इजा झालेल्या भागाची ही सांभाळून घ्यायची ताकद सुरुवातीला गेलेली असते, त्यामुळे बीपीचे चढउतार थेट तिथे पोचतात.

याचा अर्थ पडून राहा असा मुळीच नाही. पडून राहण्यानेही स्नायू जातात, पायात गुठळ्या होण्याची भीती असते, आणि मन खचतं ते वेगळंच. म्हणून न्यूरॉलॉजिस्टना पहिल्या फॉलोअपलाच हे प्रश्न लिहून न्या आणि उत्तरंही त्यांच्याकडून लिहूनच घ्या:

- व्यायामाआधी बीपी किती असेल तर त्या दिवशी व्यायाम नको? (माझ्यासाठी ही रेघ १६०/१०० होती. तुमची वेगळी असू शकते.)
- नाडी कितीच्या वर जाऊ द्यायची नाही?
- हृदयाची आणखी काही तपासणी, म्हणजे स्ट्रेस टेस्ट वगैरे, आधी करायला हवी का?
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आणि चालणं, यांची वेळ कशी बसवायची?

डॉक्टर घाईत असतात हे खरं. पण कागदावर चारच प्रश्न असले की दोन मिनिटांत उत्तरं मिळतात. ‘व्यायाम करू का?’ असं मोघम विचारलंत तर ‘करा हलका’ एवढंच ऐकून घरी याल. माझं तेच झालं होतं.

२. पहिला आठवडा घरातच

हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोन-तीन मिनिटं चालायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. मध्ये खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा. बस्स. पायपोस, गालिचे, वायरी, नातवाची खेळणी वाटेतून उचलून टाका. बाथरूममध्ये रबरी मॅट घाला.

सौम्य स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांना पहिले २१ दिवस रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र देतात. त्या काळात साधं पडणंही महागात पडतं, म्हणून डोकं आपटलं तर ‘काही झालं नाही’ म्हणून बसू नका. लगेच दाखवा.

३. स्वतःचा आकडा काढा

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे या पायरीला मला सगळ्यात हायसं वाटलं. ‘हलका’ या शब्दाला अखेर माप मिळालं.

सकाळी उठल्यावर पडल्यापडल्या एक मिनिट नाडी मोजा. माझी ७२ होती. २२० मधून वय वजा करा. मी ५६ वर्षांची, म्हणून १६४. त्यातून ७२ गेले, उरले ९२. या ९२ चे ४० टक्के म्हणजे ३७. ते ७२ मध्ये मिळवले की १०९. ही चालतानाच्या नाडीची खालची रेघ. ७० टक्के धरले तर ६४ अधिक ७२, म्हणजे १३६. ही वरची. अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शनात हाच ४० ते ७० टक्क्यांचा पट्टा दिला आहे. पहिले दोन महिने मला खालच्या रेघेच्या आसपासच राहायला सांगितलं होतं, आणि तुम्हीही तिथूनच सुरू करा.

आता ती बीटा ब्लॉकरची खूण. तुमच्या यादीत ही गोळी असेल तर हे गणित लागू पडत नाही. ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. माझ्याबरोबर फिजिओकडे येणारे एक काका १०९ गाठायचे म्हणून धापा टाकेपर्यंत चालायचे, आणि नाडी ९०च्या वर जायला तयार नव्हती. त्यांना मॅडमनी घड्याळ काढून ठेवायला लावलं आणि श्रमाची पट्टी शिकवली. ही पट्टी ६ ते २० अशी असते. ६ म्हणजे नुसतं बसलेलं, २० म्हणजे जीव जाईल इतका जोर. आपण ११ ते १३ मध्ये राहायचं: ११ म्हणजे सोपं वाटतंय, १३ म्हणजे थोडं जड जातंय, पण चालू ठेवता येईल.

पट्टीही डोक्यात बसत नसेल तर पाढा म्हणा. चालता चालता सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. सतरा दाहे सत्तरासे पर्यंत दोन-तीनदाच श्वास घ्यावा लागला तर वेग बरोबर आहे. दर आकड्याला श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. आणि गाणं सहज गाता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. पाढ्याचा आणखी एक उपयोग मला झाला. शब्द जड होऊ लागले तर ते बरोबरच्या माणसाच्या कानाला आधी कळतं.

४. कुठे चालायचं

या पायरीवर मी चुकले, म्हणून सविस्तर लिहिते.

तेराव्या दिवशी बरं वाटत होतं. शेजारच्या दोघीजणी फिरायला निघाल्या होत्या, मीही निघाले. कर्वे पुतळ्यापर्यंत गप्पांत कसे पोचलो कळलंही नाही. परत फिरल्यावर शंभरेक पावलांत डाव्या बुटाचा आवाज यायला लागला. सर्र… सर्र… पाय उचलला जात नव्हता, फरशीला घासत होता. फूटपाथची एक फरशी वर आलेली होती, तिला अडखळले, त्या दोघींनी सावरलं. एका दुकानाच्या पायरीवर बसले, घाम फुटला होता. रिक्षा करून घरी आले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले.

चूक साधी होती. सरळ रेषेत जेवढं लांब जाल तेवढंच परत यायचं असतं, आणि परतीच्या वेळी पाय दमलेला असतो. म्हणून पहिले सहा आठवडे गोल फेऱ्याच घाला. सोसायटीची इमारत, पार्किंग, शाळेचं मैदान. कुठेही थांबलं तरी घर दोन मिनिटांवर. बसायला एक खुर्ची फेरीच्या वाटेवर ठेवून द्या. वॉचमनला सांगून ठेवा.

पुढे बागेत जा: आमच्याकडे थोरात उद्यान, एरंडवण्यात कमला नेहरू पार्क, जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यान. सपाट वाट, बाकं आणि माणसांची जाग, एवढं बघायचं. रस्त्याच्या कडेने चालू नका. आपल्या फूटपाथांवर गाड्या, फ्लेक्सचे खांब आणि उचकटलेल्या फरश्या असतात, आणि स्ट्रोकनंतर अचानक बाजूला होणं जमत नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या यातलं काहीही पहिल्या तीन महिन्यांत नको, रोजची सवय असली तरीही. चढावर बीपी आणि नाडी झपाट्याने वर जातात, आणि उतारावर पाय मुडपतो.

वेळेचंही बघा. थंडीत पहाटे बीपी चढतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावर, आठ-साडेआठला निघा. मार्चपासून उलट करा: सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हात पाणी लवकर कमी पडतं आणि चक्कर येते.

५. मिनिटं कशी वाढवायची

दर वेळी आधी पाच मिनिटं अगदी सावकाश चालायचं आणि शेवटीही पाच मिनिटं सावकाश. झटकन थांबून खुर्चीत बसलात तर बीपी एकदम खाली येऊन डोळ्यापुढे अंधारी येते. मधली मिनिटं खरी. माझ्या वहीत ती अशी आहेत:

- दुसरा आठवडा: ३ मिनिटं चालणं, २ मिनिटं बसणं, असे तीन फेरे. (यातच मी कर्वे पुतळ्याला गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.)
- तिसरा-चौथा: ५ मिनिटं चालणं, २ बसणं, तीन फेरे. आठवड्यातून तीन दिवस.
- पाचवा-सहावा: ८ मिनिटांचे दोन फेरे. चार दिवस.
- सातवा-आठवा: सलग १५ मिनिटं.
- नववा ते बारावा: २०, मग २५, मग ३० मिनिटं. पाच दिवस.

तुमचे आकडे वेगळे निघतील. वर सांगितलेल्या मार्गदर्शनात आठवड्यातून ३ ते ५ दिवस आणि २० ते ६० मिनिटं असं म्हटलं आहे, पण तिथे पोचायला कोणाला महिना लागतो, कोणाला चार. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. मिनिटं वाढवली तर वेग तोच ठेवा.

आणि वाढवायचं की नाही हे चालून आल्यावर ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. चालून आल्यावर हुरूप असतो, सगळं शक्य वाटतं. दुसऱ्या दिवशी दात घासताना ब्रश नेहमीसारखा धरता आला, पाय घासला नाही, दहा वाजेपर्यंत डोळे मिटायला लागले नाहीत, तर आदल्या दिवशीचं चालणं झेपलं. नाहीतर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर परत या. मी वहीत दोन रकाने केले होते: ‘काल किती’ आणि ‘आज सकाळी कशी’. मॅडम दर वेळी दुसराच रकाना आधी वाचायच्या.

६. चालणं जमत नसेल तर

स्टॅटिक सायकल घ्या, शक्यतो पाठीला टेकण असलेली. अशक्त पाय पेडलला पट्ट्याने बांधायचा, ओढ कमीत कमी ठेवायची आणि मिनिटांचा हिशोब तोच. गुडघेदुखी असलेल्यांनाही हे बरं पडतं. भाड्याने मिळत असेल तर आधी महिनाभर भाड्यानेच आणून बघा.

७. लगेच थांबायची चिन्हं

छातीत दुखणं किंवा दाब, नाडी अडखळणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप: थांबा, बसा, बीपी मोजा, डॉक्टरांना फोन करा. बसल्यावरही छातीतलं दुखणं ओसरलं नाही तर फोनची वाट न पाहता १०८.

तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाएकी तोल जाणं, दिसेनासं होणं, कधी नव्हे अशी डोकेदुखी: यातलं काहीही झालं तर कोणाला विचारत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा. नेमकी वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दोन मिनिटांत आपोआप बरं झालं तरीही जा. पहिल्या स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत दुसऱ्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

८. नेहमी फसतो त्या जागा

*श्वास रोखणं.* घरात योगासनांची सवय असेल तर कपालभाती, भस्त्रिका, कुंभक आणि डोकं खाली येणारी आसनं डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबवा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळतं. पाण्याची बादली उचलतानाही तेच होतं.

*उपास.* एकादशी, गुरुवार, चतुर्थी. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी चालायला गेलात तर साखर उतरते, आणि त्यात येणारा घाम, थरथर, बोबडी वळणं बघून घरच्यांना दुसरा स्ट्रोकच वाटतो. उपासाच्या दिवशी चालणं नको.

*गोळ्या सोडणं.* चालायला लागल्यावर बीपी खरंच उतरतं. माझं उतरलं. पण गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, आपण नाही.

*चुकीच्या वेळी बीपी मोजणं.* पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून मोजायचं. मला धडधाकट हातावर मोजायला सांगितलं होतं.

*‘आता बरी दिसतेस की.’* हे प्रेमानेच म्हणतात. तोंड सरळ आहे, चालते आहे, मग आजारी कसली? मग लग्नाला चला, चार जिने चढा, स्वयंपाकाला उभ्या राहा. स्ट्रोकनंतरचा थकवा बाहेरून दिसत नाही. घरच्यांना फिजिओकडे एकदा सोबत न्या आणि त्यांच्या तोंडून ऐकू द्या. ह्यांना त्या दिवसानंतर मला पुन्हा काही समजवावं लागलं नाही. दुपारी दीड ते तीन घरातली बेल बंद ठेवायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

९. बाराव्या आठवड्यात काय विचारायचं

वही घेऊन जा. सहा मिनिटांत किती मीटर चालता, ही चाचणी फिजिओ ३० मीटरच्या सपाट जागेत घेतात. शक्य असेल तर सुरुवातीलाच एकदा करून घ्या, म्हणजे तुलना करता येते. माझे तिसऱ्या आठवड्यात २८५ मीटर झाले होते, बाराव्यात ४१०.

त्याच भेटीत हे विचारून घ्या: वेग वाढवायचा का, जिना किती चढायचा, आठवड्यातून दोन दिवस हलकी वजनं सुरू करायची का, आणि दुचाकी कधी. पुण्यात गाडीशिवाय आपलं पान हलत नाही, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी नजर, तोल आणि डाव्या हाताची ब्रेकवरची पकड तपासली आणि आणखी दोन महिने थांबायला सांगितलं. तोवर मी रिक्षाने शाळेत गेले, आणि सुटीच्या वेळात मैदानाला तीन फेऱ्या घालत राहिले.